बेळ्ळंदूरचे लोकरकाका

लोकरकाका समोरच्या माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या स्वेटरला गाल लावत. ओळख असो वा नसो. डिसेंबरात बंगळुरात जरा गारवा पडला, की सोसायटीच्या लिफ्टमध्ये त्यांच्याबरोबर चढायला लोक बिचकत. "एक मिनिट हं," म्हणून ते वाकायचे, तुमच्या बाहीवर गाल टेकवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "प्लॅस्टिक आहे. पण रंग छान." एकदा एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या मामांच्या शालीला गाल लावला. मामांना वाटलं, कुणी जुना स्नेही गळ्यात पडतोय. त्यांनी काकांना घट्ट मिठीच मारली. पुढे दोघांची खरंच मैत्री झाली.

माझी त्यांची गाठ पडली कामामुळे. मी निपाणीची, कोरमंगलात पीजीत राहून एका छोट्या कंपनीत नोकरीला लागले होते. कंपनी पेरू देशातून अल्पाकाची लोकर मागवायची, बेळ्ळंदूरमधल्या बायकांकडून हातानं स्वेटर विणून घ्यायची आणि परदेशातल्या दुकानांना पाठवायची. काका त्या बायकांना विणकाम शिकवत आणि माल तपासत. मूळचे पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून आयुष्य काढलेलं. विणायला मात्र लहानपणीच आईकडून शिकलेले. काकू निवृत्त शास्त्रज्ञ. त्यांना साधं बटण लावता येत नसे. "आमच्याकडे फ्यूज मी बदलते आणि स्वेटर हे विणतात. संसार उत्तम चाललाय," असं त्या आल्यागेल्याला सांगत.

अल्पाका म्हणजे उंटाच्या नात्यातला, लांब मानेचा, गुबगुबीत प्राणी. त्याचा एक फोटो काकांनी विणकामाच्या खोलीत लावला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं बसप्पा. सकाळी आल्या आल्या, "काय बसप्पा, चेन्नागिद्दीरा?" अशी कन्नडमधून खुशालीची चौकशी व्हायची. लोकरीचं नवं गाठोडं आलं, की काका माझ्या मागे लागत, "तिकडे विचार, बसप्पाला कातरताना लागलं नाही ना? आणि त्याला पाळणाऱ्यांना त्यांचे पैसे वेळेवर मिळाले ना?" मी लाजत लाजत पेरूला तसं कळवायची. पहिल्यांदा उत्तर आलं नाही. मग एकदा तिथल्या एका बाईंनी कातरलेल्या, ओशाळवाण्या चेहऱ्याच्या अल्पाकाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "बसप्पा मजेत आहे." काकांनी त्या दिवशी सगळ्यांना मसाला डोसा खाऊ घातला.

प्रत्येक स्वेटरच्या आत विणणारीच्या नावाची पट्टी शिवायची, ही कल्पना त्यांचीच. कंपनीला ती नावं इंग्रजीत हवी होती. काकांनी कन्नडमध्ये छापून घेतली. मी म्हटलं, "काका, गिऱ्हाइकाला वाचता येणार नाही." त्यावर ते म्हणाले, "जिचं नाव आहे, तिला वाचता यायला नको का?" गंमत म्हणजे गिऱ्हाइकांना तीच अक्षरं आवडली. गोल गोल, लोकरीच्या गुंड्यांसारखी दिसतात म्हणे.

एका वर्षी परदेशातल्या एका दुकानाची मोठी ऑर्डर आली आणि त्या दुकानानं ऐनवेळी तारीख अलीकडे ओढली. नाताळच्या आत सगळे स्वेटर हवेत. आमचा मालक वयानं माझ्याहूनही लहान. तो घाबरला. महादेवपुऱ्याच्या पलीकडे एक वर्कशॉप होतं, तिथे मुलींना रात्रपाळीला बसवून मशीनवर माल काढत. अर्धे स्वेटर तिथून करून घ्यायचे आणि आपल्या पट्ट्या लावायच्या, असं त्यानं ठरवलं आणि पट्ट्यांचा डबा आणायला मला काकांकडे पाठवलं.

काकांनी माझं ऐकून घेतलं, डबा स्टुलावर ठेवला आणि त्यावर बसले. "साहेबांना सांग, काका उठत नाहीत." मला हसू फुटलं, आणि मग आपली नोकरी आठवली.

तेवढ्यात रत्नाक्का बोलली. ती त्या बायकांमधली सगळ्यात जुनी, बेळगावकडची. "काका, तुम्ही बसलासा ते बरं दिसतंय. पण ऑर्डरच गेली तर आमचं काय? पुन्हा टॉवरातल्या फ्लॅटांची भांडी घासायला जायचं काय आम्ही?"

सगळ्यांच्या सुया थांबल्या. मग काका उठले, डबा उचलला आणि रत्नाक्काच्या हातात दिला. "तुम्ही ठरवा," म्हणाले, "मी कोण?"

बायकांचं कन्नडमध्ये बरंच जोरजोरात चाललं. दोघी डबा देऊन टाका म्हणत होत्या, एक रडत होती. शेवटी रत्नाक्का माझ्याकडे वळली, "फोन लाव त्या दुकानवाल्या बाईला. मी बोलते, तू इंग्लिश कर." मालकाला न विचारता मी फोन लावला. रत्नाक्का शांतपणे म्हणाली, "अर्धे नाताळला देतो. अर्धे संक्रांत झाल्यावर. दुसरीनं विणलेल्यावर आमचं नाव लावणार नाही. पाहिजे तर बघा, नाहीतर राहू दे."

त्या बाईंनी तारखा लिहून घेतल्या. मग म्हणाल्या, "आमच्या गिऱ्हाइकांना विचारतो, थांबायला कोण तयार आहे." आणि लोक थांबले हो! सगळे नाही, पण पुरेसे. खोलीत असा काही कल्ला झाला, की खालचा बेकरीवाला वर बघायला आला. मालक दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवसापासून ही कल्पना आपलीच होती, असं सांगत फिरू लागला.

गेल्या वर्षी काका-काकू लेकीजवळ राहायला पुण्याला गेले. निरोपाला बेकरीतला हनी केक आणला होता. काका भाषणाला उभे राहिले, दोन विनोद केले आणि अडखळले. "त्या दिवशी मी मोठ्या थाटात डब्यावर बसलो. मला पेन्शन आहे हो. माझं काय जाणार होतं? जाणार होतं ते तुमचं."

"ते आम्हाला तवाच कळलं होतं, काका," रत्नाक्का म्हणाली. "लई राग आला होता. पण तुम्ही उठलासा की! म्हणून तर राग गेला."

बायका खो-खो हसल्या. काका हसता हसता सरळ रडायला लागले, आणि आम्हीही.

मी अजून त्याच कंपनीत आहे. तारीख अलीकडे ओढणारे फोन अजून येतात. मी म्हणते, "थांबा, विणणाऱ्यांना विचारते." आणि खरंच जाऊन विचारते.