भाचीला काम नाही

पुण्याहून निघालेली ट्रॅव्हल्स मालेगावला पहाटे पोचेल असं सांगितलं होतं. ती चांगली उन्हं वर आल्यावर पोचली आणि मला रसवंतीच्या बंद गाड्याजवळ उतरवून निघून गेली. हे वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिककडचं नव्हे. हा खुलासा निघण्यापूर्वी मी इतक्या जणांना केला होता, की उतरल्यावर एका चहावाल्यालाही करून बसले. तो म्हणाला, "मले माहीत हाय, बाई. मी इथंच राह्यतो."

कशासाठी आले होते ते सांगते. चाळिशी उलटल्यावर मला आणि माझ्या नवऱ्याला, निखिलला, गावी जमीन कसून राहावंसं वाटू लागलं. तोवर आम्ही सातव्या मजल्यावर कुंडीत कढीपत्ता जगवत होतो, तोही अधूनमधून. डोळ्यांसमोर दोन जागा होत्या. एक, मालेगावजवळच्या टेकडीवर शहर सोडून आलेल्या चार-पाच कुटुंबांची सामायिक शेती. दुसरी, आसेगावला माझ्या मामाचं वावर (शेत). निखिलला रजा नव्हती. "तू बघून ये. तू म्हणशील तिथे जाऊ, नाहीतर कुठेच नको," असं म्हणून तो मोकळा झाला. महिनाअखेर घरमालकाला फ्लॅट सोडतोय की नाही हे कळवायचं होतं.

टेकडीवरची माणसं मनापासून चांगली होती. घरं मातीची, स्वयंपाक एकत्र, आणि कुठलाही निर्णय सर्वांचं एकमत झाल्याशिवाय घ्यायचा नाही. मी गेले त्या दिवशी शेळी दिवसा बांधावी की मोकळी सोडावी यावर सगळे गोल बसून बोलत होते. आधी बाजू ऐकल्या, मग शांत बसलो, मग पुन्हा बाजू ऐकल्या. एकमत होईस्तोवर शेळीने भोपळ्याचा वेल खाल्ला होता. कुणी तिला हाड्‌सुद्धा म्हटलं नाही, कारण तो विषय अजून बैठकीत होता.

मी तिथे आठवडाभर राहिले. जेवण साधं, झोप छान. एका सकाळी मी पाण्याचा पाइप चालू ठेवून गप्पा मारत बसले आणि मिरचीची सगळी रोपं वाहून गेली. मला रडू यायचं बाकी होतं. तिथल्या अनघाताई माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "असू दे. जमीन तुला काहीतरी शिकवते आहे." काय शिकवते आहे ते मात्र कुणी सांगितलं नाही. निघताना सगळे म्हणाले, या, तुमच्यासाठी जागा आहे. मला बरं वाटलं आणि थोडी भीतीही वाटली.

मंगरूळपीरला बस बदलायची होती. स्टँडवर बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कोनाच्या घरी चालल्या?" मी मामाचं नाव सांगितलं. ते लगेच उठले. "म्हंजे आमच्या गावच्या भाची लागता तुमी. बसा ना मंग." मी नको-नको म्हणत बसले. आसेगाव येईपर्यंत ते बसमध्येही उभेच होते.

आमच्याकडे वऱ्हाडात भाची म्हणजे मोठं प्रकरण. मामा वयाने कितीही मोठा असला तरी तो भाचीच्या पाया पडतो. अंगणात पाऊल ठेवताच मामा वाकला, मग मामी वाकली, आणि पिशवी खांद्यावर असलेली मी ओशाळून उभी राहिले. जेवायला पातोडीची भाजी (बेसनाच्या वड्यांचा तिखट रस्सा) आणि ज्वारीच्या भाकरी. तिखटाने माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मामीला ते प्रेमाचं वाटलं.

जमिनीचं मी भीतभीतच काढलं. मामाने घासही थांबवला नाही. "घे ना दोन एकर. विहिरीकडचं घे. घर बांध. कोन नाई म्हनते?"

इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. तसं ते नव्हतंच.

"मग उद्यापासून मी वावरात येते. मला सगळं शिकायचंय."

मामाचा हात थांबला. "कायले? तू खाटेवर बस. काम आमी करून राह्यलो ना."

"पण शेती मला करायची आहे, मामा."

"भाचीकडून काम करून घेतलं तर पाप लागते, बाई," मामी म्हणाली. "सात जन्म फिटत नाई."

पुढचे तीन दिवस मी आसेगावातली सर्वांत रिकामी बाई होते. खुरपं उचललं की मामी ते हातातून काढून घ्यायची. झाडू घेतला की शेजारीण धावायची. वावरात गेले तर बाभळीखाली माझ्यासाठी पोतं अंथरलेलं असायचं. दोन एकर मिळाले होते आणि त्यावर जन्मभर पोत्यावर बसायचं होतं. त्या पोत्यावर बसून मला पहिल्यांदा वाटलं, निखिलला फोन करून सांगावं की कुठेच नको.

मामाच्या धुऱ्याला (बांधाला) लागून कमलाकाकूंचं वावर. तिथे बायकांची निंदणी चालली होती. चौथ्या दिवशी मी धुरा ओलांडून विचारलं, "काकू, मला घेता?"

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गवताकडे. "गावाची भाची म्हंजे माही बी भाचीच. पाप तर मले बी लागन." पुन्हा गवताकडे पाहिलं. "पन निंदन लय रखडलं, माय. धर खुरपं."

मी पात (प्रत्येकीच्या वाट्याचा पट्टा) धरली आणि झपाट्याने निघाले. सोयाबीन मी ओळखत होते. त्यापेक्षा वेगळं दिसेल ते उपटायचं, इतकं सरळ होतं. बायका मागे पडल्या. कंबर मोडली होती, पण मनात मी पंचवीस वर्षं शेती केलेली होती.

भाची लोकांच्या वावरात राबते आहे ही बातमी मामापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. तो धुऱ्यावर येऊन उभा राहिला. चेहरा पडलेला. काही बोलणार तेवढ्यात त्याची नजर माझ्या मागच्या ढिगावर गेली.

"अवं!" तो ओरडला. "तूर उपटून राह्यली तू! तासच्या तास नेला! डोये फुटले काय तुहे?"

वऱ्हाडात सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचा एक तास, म्हणजे ओळ, पेरतात. तूर सोयाबीनपेक्षा वेगळी दिसते.

काकू घाईने म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊ, भाची हाय."

"भाची घरी! इथं थे वावरात हाय!" मामा चपला काढून खाली उतरला. त्याने ढिगातून एक रोप उचलून माझ्या नाकासमोर धरलं. "पाह्य. पानाले हात लाव. हे तूर. हे गवत. पुन्हा सांगनार नाई." मग घरून तुरीचं बी आणायला लावलं आणि माझ्याकडून सगळे खाडे (मोकळ्या पडलेल्या जागा) भरून घेतले. तो पूर्ण वेळ मागे उभा होता. बी खोल गेलं की ओरडायचा, उथळ राहिलं तरी ओरडायचा. आईबाबा गेल्यापासून मला इतकं कुणी रागावलं नव्हतं. मी खाली मान घालून बी टाकत होते आणि मला फार, फार आनंद झाला होता.

संध्याकाळी परतताना तो पुढे, मी मागे. धुऱ्यावर तो न वळता म्हणाला, "उद्या आपल्या वावरात ये. लोकायचं पीक कायले नासवतं?"

पुण्याला परतले तेव्हा निखिलने दार उघडलं. माझे हात पाहिले, नखं पाहिली. "काय ठरलं?"

"मामा मला खूप बोलला," मी म्हणाले.

"अरेरे. म्हणजे नाही का?"

मी घरमालकाला फोन लावला.