सैल खुंट्यांचा पट

सागाचे दोन देव्हारे, पुतणीचा पाळणा, घरातल्या सगळ्या खुर्च्या, बुद्धिबळाचे पट, सारीपाटाच्या सोंगट्या, आणि आमच्या सरांना लागले ते सगळे खेळ... हे मी स्वतःच्या हातांनी केलं आहे. आयटीआयची पायरी न चढता. बडोद्यातल्या छाणीच्या माझ्या वर्कशॉपमध्ये, बघून, चुकून, पुन्हा करून.

माझ्या सांध्यात कागद सरकत नाही. असं लोक म्हणतात. मीही म्हणतो.

सर म्हणजे गणिताचे प्राध्यापक. दांडिया बाजारात वाढले, बडोद्यातच शिकले आणि निवृत्त होईपर्यंत इथेच शिकवलं. त्यांचा विषय खेळ... नशिबाचा भाग नसलेले खेळ, ज्यात दोघंही नीट खेळले तर कोण जिंकणार हे आधीच सांगता येतं. सुरुवातीला स्टाफरूममध्ये त्यांना 'जुगारी मास्तर' म्हणायचे. पुढे त्यांचे पेपर बाहेरदेशी वाचले जायला लागले, तेव्हा तीच मंडळी मागच्या बाकावर येऊन बसायला लागली.

वर्गातली पोरं म्हणायची, "सर, जीतवानुं शीखवाडो ने." सर म्हणायचे, "जिंकाल आपोआप. आधी हरलात कुठे ते शोधा." डाव संपला की शेवटापासून एकेक चाल मागे जायचं, चूक सापडेपर्यंत.

मी नवा पट पोचवायला गेलो की माझ्याशीही एक डाव व्हायचा. बहुतेक खुंट्यांचा. फळीवर भोकांच्या काही रांगा, प्रत्येक भोकात एक खुंटी. आपल्या पाळीला एकाच रांगेतून हव्या तितक्या काढायच्या. शेवटची खुंटी ज्याच्या हातात, तो जिंकला. इतक्या वर्षांत मी एकदाही जिंकलेलो नाही.

सरांचा एकच कडक नियम. ज्या खुंटीला हात लागला, ती काढायचीच. यात त्यांनी डीनलाही सूट दिली नव्हती.

सर हल्ली गोत्रीला फ्लॅटमध्ये असतात. गेल्या वर्षापासून त्यांचा उजवा हात थरथरतो. धरायला जातात एक खुंटी, बोट लागतं शेजारच्या रांगेला... आणि सर तीच चाल धरतात. "राहू द्या हो सर" म्हटलेलं त्यांना चालत नाही. जिंकलेले डाव हरायला लागले.

सरांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हणाल्या, "तुम्ही नुसतं सांगा, मी काढते." सर म्हणाले, "मग तूच खेळ की." मोबाईलवर खेळून पाहिलं, तिथेही तेच. बोट नीट टेकायच्या आत भलतीच चाल होऊन जायची.

दर गुरुवारी जुने विद्यार्थी खेळायला यायचे, ते सरांनी बंद केलं. पट कुणाला देऊन टाकायचे याची चौकशी सुरू झाली. तेव्हा काकूंचा मला फोन आला. "अरे, दिवसभर खिडकीशी बसून असतात. तुझ्या हातात काही असेल तर बघ बाबा."

मी शिसवीचा पट केला. माझं आजवरचं सगळ्यात चोख काम. मोठ्या खुंट्या, व्हर्नियरने मोजून भोकात अशा बसवल्या की पट उलटा केला तरी एक पडू नये. सरांनी पहिली खुंटी ओढली. निघेना. जोर लावला, तशी ती एकदम सुटली आणि हात थेट पुढच्या रांगेवर गेला. चार खुंट्यांना बोटं लागली.

 सरांनी पट बाजूला सारला. काकू चहा घेऊन आल्या तेव्हा मी चपला घालत होतो.

वर्कशॉपमध्ये आलो आणि सरांच्याच पद्धतीने मागे जात गेलो. बोटं लागली, कारण हात झटक्याने गेला. झटका बसला, कारण खुंटी अडकली होती. अडकली, कारण कोणीतरी काचपेपर घेऊन ती तशी घट्ट बसवली होती... चूक सापडली.

मग दुसरा पट केला. खुंट्या जड, भोकं सैल, भोकांची तोंडं उतरती. दोन रांगांच्या मध्ये उंच पट्टी, मनगट टेकायला आणि बोटं अडवायला. हलवला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. माझ्या प्रत्येक कामाच्या पाठीला माझं नाव असतं. याला घातलं नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून नेला.

परवाच्या गुरुवारी सर खेळले. मनगट पट्टीवर टेकलं. हात थरथरत होताच, पण पट्टीच्या आत... खुंटी हलकेच वर आली. दुसरी आली. शेवटची त्यांनी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

"हरलास कुठे?"

"दुसऱ्या चालीत, सर."

"पहिल्या," सर म्हणाले. मग पट उलटा केला. "नाव कुठंय?"

"सैल काम आहे. असल्या कामाला मी नाव घालत नाही."

"माझा हात किती हलतो हे मोजल्याशिवाय इतकंच सैल करता येतं होय रे? घाल नाव."

मोजलं होतं. मागच्या खेपेला, चपला घालता घालता, नुसत्या डोळ्यांनी. कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं. काकूंनी सरांची जुनी कंपासपेटी आणली आणि कर्कटकाच्या टोकाने मी तिथेच नाव कोरलं. अक्षरं जरा तिरकी आली आहेत, ती तशीच राहू दिली.

सरांचे एक जुने विद्यार्थी हे सगळं बघत बसले होते. आता परदेशात असतात, जुने-नवे पट जमवतात. म्हणाले, "काका, हाच मला द्या. सरांना दुसरा करून द्या, तुम्हाला काय, आठवड्याचं काम."

सर माझ्याकडे बघून मिस्कील हसले. "घाई करू नको. शेवटापासून विचार कर."

केला. शेवटी पुढचा गुरुवार होता, सर खिडकीशी होते, आणि टेबल रिकामं होतं.

नाही म्हटलं. चाळीस हजार देत होते.