गुलाबी हात आणि थळच्या बाजारातली जागा

ताजी खबर आधी. थळच्या यमुनाबाईंनी आज सकाळी बाजारात स्वतःच्या जागेवर बसून दोन सुरमया आणि टोपलीभर बांगडे कापले. हे मला त्यांच्या शेजारी बसणाऱ्या हिराबाईंनी फोनवर सांगितलं. हिराबाई सहसा कुणाचं कौतुक करत नाहीत, म्हणून बातमी पक्की.

यमुनाबाईंचा डावा पंजा दोन वर्षांपूर्वी बंदरावरच्या बर्फ फोडायच्या यंत्रात गेला. मग अपंगांसाठी सरकारी शिबिर झालं, व्यासपीठावर हार-तुरे झाले आणि त्यांना रबरी हात मिळाला. त्या शिबिराची बातमी मीच छापली होती, फोटोसकट. त्या हाताने काय करता येतं, हे मी विचारलं नव्हतं. म्हणून अपंगांसाठी ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे साधनं बनवणारा माझा मित्र श्रीधर त्यांच्याकडे निघाला, तेव्हा मीही बॅग भरली.

जाणाऱ्यांसाठी: गेटवेहून मांडव्याची बोट घ्या, तासाभरात पलीकडे. अलिबागपर्यंतची बस बऱ्याच बोटींच्या तिकिटातच असते. पुढे थळला रिक्षा. मागे खत कारखाना, समोर समुद्रात खांदेरीचा किल्ला, आणि मधल्या वाळूत बांबूंवर टांगलेले बोंबील. नजारा सुंदर आहे. मी मात्र पहिल्या तासातच चिडलो.

यमुनाबाईंनी पत्र्याच्या पेटीतून तो हात काढला. उन्हात रापलेल्या बाईला गुलाबी हात! बोटं वळत नाहीत, मासळीच्या पाण्यात तो सटकतो. हिराबाई म्हणाल्या, "यमुने, हात नवरीचा हाय, तू कवाची म्हातारी."

यमुनाबाई हसल्या, पण प्रश्न हसण्याचा नव्हता. बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे येते आणि बाई तिथे बसून मासा कापून देते तोवरच ती तिची. दोन वर्षं हिराबाईंनी त्यांचा मासा कापून जागा राखली. आता इतर बायकांनी ठरवलं होतं की महिनाअखेरपर्यंत यमुनाबाई स्वतः कापू लागल्या नाहीत, तर जागा दुसरीला.

शिबिराच्या अर्जाची प्रत त्यांनी जपून ठेवली होती. अपंगत्वाची टक्केवारी, उंची, रेशनकार्ड, जात, सगळे रकाने होते. या हाताने तुम्ही काय करत होतात, हा रकाना नव्हता. दुसरं साधन मागितलं तर कार्यालयातून उत्तर आलं की लाभ दिलेला आहे. लाभ! पेटीत ठेवायच्या वस्तूला हे लाभ म्हणतात.

श्रीधरने आपलं साधन काढलं. मनगटावर पट्टा आणि त्यात सुरी अडकवायची खोबण. यमुनाबाईंनी ते फिरवून पाहिलं आणि परत दिलं.

"आमची विली जाग्यावून हलत न्हाय, भावा. मावरं तिचेकडं येतं."

त्या विळी घेऊन बसल्या. पाय पाटावर, पातं उभं. उजव्या हाताने मावऱ्याचं, म्हणजे माशाचं, डोकं धरलं, शेपूट मात्र मोकळी सटकत राहिली. श्रीधरने टेबलापाशी उभं राहून कापणारा माणूस डोळ्यासमोर आणला होता. न विचारता बनवण्याची चूक त्यानेही केली होती. फरक एवढाच की तो तिथे थांबला, त्याने पुन्हा पाहिलं, मोजमाप घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौलला गेलो. नागावमार्गे रस्ता नारळी-पोफळीच्या वाड्यांतून जातो. सकाळी लवकर निघा, शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या रस्ता अडवतात. तिथे विळ्या घडवणारे बाबूकाका भेटले. श्रीधरने चित्र काढून दाखवलं: मनगटाच्या पट्ट्याला दातेरी चिमटा, शेपूट घट्ट धरेल असा. काकांनी दाते बोथट करायला सांगितले, नाहीतर मासा फाटेल आणि गिऱ्हाईक घेणार नाही. लोखंडही नको म्हणाले, खाऱ्या पाण्यात गंजेल. पितळ घेतलं. रामेश्वराच्या तळ्याकाठी आम्ही घावणे खाऊन येईपर्यंत चिमटा तयार होता.

तिसऱ्या दिवशी थळला पहिला बांगडा निसटला, दुसरा वाकडा कापला गेला. तिसरा सरळ कापला गेला, तेव्हा हिराबाई पाहायला उठून आल्या आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

घरी परतल्यावर माझ्याकडे उरला तो बांगड्याचा वास आणि स्वतःचाच राग. मी कात्रणांतून ती जुनी बातमी काढली. फोटोत सगळे यमुनाबाईंच्या गुलाबी हाताकडे बघत आहेत. यमुनाबाई समोर बघत आहेत.

आजच्या फोनवर हिराबाईंनी आणखी एक सांगितलं. येत्या बुधवारी कार्यालयातून साहेब येणार आहेत, दिलेला हात वापरात आहे का ते तपासायला, फोटो काढायला. हात वापरात आहे. सुकत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे हाकलायला यमुनाबाईंनी तो बांबूच्या टोकाला बांधलाय. साहेब येणार म्हणून खाली उतरवू का, असं सुनेने विचारलं, तर त्या नको म्हणाल्या.