वाकळीवाल्या

"कुठली पोट्टी, कोण्या देशातली, तुमचा काय संबंध?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारला आहे की आता तो ओठांवर येण्याआधीच समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतो. उत्तर द्यायचा मला कंटाळा नाही.

अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यात मी अंगणवाडी चालवते. माझी शाळेतली मैत्रीण नर्स झाली आणि आफ्रिकेतल्या एका डोंगराळ देशात, आईविना राहिलेल्या तान्ह्या बाळांच्या आश्रमात कामाला लागली. एकदा सुट्टीत ती माझ्याकडे आली. माझी नात वाकळीवर झोपली होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून आमच्याकडच्या बाया वाकळ शिवतात. धुऊन धुऊन ती अशी मऊ होते की बाजारातलं पांघरूण तिच्यापुढे पोतं वाटावं. मैत्रिणीने वाकळीचं टोक गालाला लावलं आणि म्हणाली, "तिथं बर्फ पडते. अन् पोरांच्या अंगावर असं मऊ काहीच नाही."

"आफ्रिकेत बर्फ?" शेजारीण हसली.

"आपल्या इथल्या प्रतापगडासारखे डोंगर एकावर एक रचले ना काकी, तेवढ्या उंचीवर आहे तो आश्रम."

त्या वर्षी धानाची रोवणी आटोपल्यावर मी बायांना समाजमंदिरात बोलावलं. ज्याच्या घरी जे जुनं, स्वच्छ लुगडं असेल ते आणा, लहान वाकळी शिवू. दुपारच्या दहा-बारा बाया जमू लागल्या. महिना झाला नसेल, तेवढ्यात ग्रामसभेत गावचे पुढारी उठले.

"बाई, गावातली पोट्टी हाडकुळी, अन् तुम्ही आफ्रिकेले वाकळी धाडून राहिल्या! कायले?"

माणसं हसली. मी उभी राहिले. "भाऊ, गावातल्या हाडकुळ्या पोट्ट्यांचं वजन मीच करतो. तुम्ही अंगणवाडीत शेवटचे कधी आले, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी समाजमंदिराला कुलूप. किल्ली म्हणे सापडत नव्हती.

मला राग कुलपाचा नव्हता. आमच्या गावाला लोक फक्त घेणारं गाव समजतात, त्याचा होता. कोणी साड्या वाटायला येतो, कोणी वह्या, आणि आम्ही हात पुढे करून फोटोत उभं राहायचं. आमच्याकडेही कोणाला देण्यासारखं काही असेल, हे कोणाच्या मनातच येत नाही. आणि आम्ही द्यायला निघालो, तर तो गुन्हा!

आम्ही सतरंजी उचलली आणि तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली जाऊन बसलो. लपून नाही, सगळा गाव जातो-येतो त्या वाटेवर.

तीच वाट पलीकडच्या टोलीतल्या, म्हणजे वस्तीतल्या, गोंड बायांची. सरपणाच्या मोळ्या घेऊन त्या रोज जायच्या, आमच्याकडे बघायच्या, थांबायच्या नाहीत. आमच्यातल्या बहुतेक पोवारांच्या घरच्या, शेतमालकिणी. त्यांच्याशी टोलीचं नातं मजुरीचं, तेवढंच. एका दुपारी एका म्हातारीने मोळी खाली टाकली. कोणी बोलवायची वाट न बघता सतरंजीवर बसली, सुई मागितली आणि म्हणाली, "टाका लांब पडून राहिला तुमचा. लेकराचा पाय अडकंल." तिच्या मागोमाग टोलीतल्या बाकीच्याही बसू लागल्या. सुरुवातीला दोन-तीन पोवार बाया उठून गेल्या. त्यातली एक परत आली, बाकीच्या नाही आल्या.

मग एक दिवस गावातली एक तरुण सून आली. त्याआधीच्या थंडीत तिचं बाळ आठव्या दिवशी गेलं होतं. तेव्हापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. तिच्या हातात फिक्या पिवळ्या रंगाचं लुगडं होतं.

"माह्या मायनं धाडलं होतं, बाळासाठी. वापरलंच नाही."

म्हातारीने ते हातात घेतलं, बोटांनी चाचपलं. "थरांच्या मधात घालू, माय. वरून दिसणार नाही, पण ऊब त्याचीच राहील."

सून रडली नाही. सुईत दोरा ओवता ओवता बोलू लागली. "त्या दिवशी दवाखान्याच्या उपकेंद्राले कुलूप होतं. गाडी शोधेतोवर तो थंड पडला."

सगळ्या गावाला हे माहीत होतं. मोठ्याने कोणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

"माह्या नातीच्या वेळी बी कुलूपच होतं," म्हातारी म्हणाली. मग तिसरीने तिचं सांगितलं. त्या दुपारी वाकळ पुढे सरकलीच नाही.

आठवड्याभरात आम्ही तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात होतो. पोवार, गोंड, सगळ्या एका एसटीतून. साहेब बैठकीत आहेत, उद्या या, असं सांगण्यात आलं. आम्ही व्हरांड्यात सतरंजी पसरली आणि शिवायला लागलो.

"इथं काय करून राहिल्या? कोणत्या संघटनेच्या तुम्ही?" शिपायाने विचारलं.

"वाकळीवाल्या," सून म्हणाली.

दिवस कलायला लागला तेव्हा साहेब बाहेर आले. सुनेने उभं राहून बाळाचं सगळं सांगितलं. ती एकदाही माझ्याकडे बघायला वळली नाही. आम्ही आणखी दोनदा गेलो. मग उपकेंद्रासाठी गावात नवीन नर्सबाई राहायला आल्या.

मैत्रीण पुढच्या सुट्टीत आली, तेव्हा वाकळी तिकडे घेऊन गेली. तिने पाठवलेल्या व्हिडिओत एक काळंसावळं, गुटगुटीत पोर वाकळीवर रांगत होतं. मोबाईल सगळ्यांच्या हातांतून फिरला. सूनबाईने तो जास्त वेळ धरून ठेवला.

पुढारी अजूनही म्हणतात, आधी घरचं बघा. मी त्यांना सांगते, भाऊ, घरचंच बघून राहिलो. ते दूरचं लेकरू नसतं, तर आम्ही एका सतरंजीवर बसलो नसतो आणि घरातलं दुःख एकमेकींना सांगितलं नसतं. लांबच्यासाठी जिचा जीव तुटतो, ती जवळच्याला कशी विसरेल?

आता उपकेंद्राचं दार बहुतेक दिवस उघडं असतं. बहुतेक म्हणते, रोज म्हणत नाही. रोज उघडायला हवं, त्यासाठी पुन्हा तालुक्याला जायचं ठरलं आहे. सुई-दोरा सोबत घेऊनच.