तीनदा म्हटलेलं वाक्य

सईदा टीचरचा राग सदा नाकाच्या शेंड्यावर. कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे, पंक्चरवाला आणि ट्रान्सपोर्टवाला यांच्या मधल्या गाळ्यात तिचा बायकांसाठी इंग्रजीचा क्लास चालतो. बाहेर ट्रकमधून सळया उतरताना जेवढा दणका होतो, तेवढाच आत तिचा. कुणी चुकलं की डस्टर भिरकावते. डस्टर कधी कुणाला लागलं नाही, पण सगळ्या जणी मान खाली घालायला शिकल्या आहेत.

तिचं माहेर म्हसळ्याकडचं. लग्नानंतर नवरा अब्दुर्रहमान तिला शारजाला घेऊन गेला. तिथल्या बिल्डिंगमधल्या केरळी आणि फिलिपिनो बायकांच्या गप्पा ऐकून ऐकून ती इंग्रजी शिकली, पुस्तक हातात न धरता. एकदा लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्या माणसाशी ती दोन वाक्यं इंग्रजीत बोलली. नवऱ्याने दार लावलं आणि तिच्या डाव्या कानावर असा हात मारला, की ओढणी रक्ताने भिजली. कानाचा पडदा फाटला तो फाटलाच. खुला, म्हणजे बायकोने मागून घेतलेला तलाक, घेऊन तिने त्या नवऱ्यापासून सुटका करून घेतली, परत आली, आणि जिच्यापायी कान गेला त्याच भाषेवर पोट भरू लागली. तेव्हापासून वाक्य म्हणायला उठलेल्या बाईला ती आपल्या उजव्या हाताला उभी करते.

तिची शिकवायची रीत एकच होती. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही. प्रत्येकीने आपल्या घरातलं एक वाक्य आणायचं, उभं राहून म्हणायचं. चुकलं तर टीचर दुरुस्त करणार. बरोबर असलं तर ‘करेक्ट!’ म्हणून ओरडणार, आणि मग सगळ्या वर्गाने ते एका सुरात तीनदा म्हणायचं. असं म्हटलेलं वाक्य मेलं तरी विसरत नाही, हा तिचा दावा.

त्या आठवड्यात ती नामं शिकवत होती. प्लॅन, चान्स, परमिशन, ऑर्डर, अटेम्प्ट. “ही नामं एकटी फिरत नाहीत,” ती म्हणाली. “मागोमाग ‘टू’ येतो आणि ‘टू’च्या मागे काम येतं. परमिशन टू गो. चान्स टू वर्क. पुस्तकात लिहिलंय, ॲम्बिशन टू बिकम अ पायलट. हितं कोनाच्या घरात पायलट आहे? आपल्या घरात काय होतं ते बोला.”

घरात होतं तेच आलं. कुणाच्या दिराने घराबाहेर काढायची ऑर्डर दिली होती, कुणाच्या नवऱ्याने गळा दाबायचा अटेम्प्ट केला होता. वाक्यं धडाधड येत होती आणि टीचर खुशीत होती, कारण इतक्या झटपट हा धडा कधीच कुणाला आला नव्हता. कळंबोली गावातली पुतळा नावाची एक जण उठली. तिची सासू तिला जेवताना पाटावर चिमटे काढायची. ती म्हणाली, “माय मदर-इन-लॉ हॅज अ हॅबिट टू पिंच.”

“हॅबिट टू नाही!” डस्टर उडालं. “हॅबिट ऑफ पिंचिंग! सगळीकडे टू घालशील काय गं?”

“पन चिमटं तर तेच हायेत ना, टीचर,” पुतळा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. दंडावरचे काळेनिळे डाग पदराखाली घेत पुतळाही हसली.

मग राजेश्वरी उठली. पाटणकडची, अंगाने काडी, आवाज त्याहून बारीक. नवरा अंकुश लोखंड बाजारात हमालांचा मुकादम. राजेश्वरीला वाशीच्या एका ऑफिसात रिसेप्शनच्या नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. गुरुवारच्या या तासानंतर सोमवारी तिचा इंटरव्ह्यू होता, आणि अंकुशला तो मान्य नव्हता. ती टीचरच्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली,

“माय हजबंड हॅज अ प्लॅन टू ब्रेक माय हॅन्ड.”

“करेक्ट!” टीचरने टेबलावर हात आपटला. “एकदम करेक्ट! बघा, ‘अ’सुद्धा विसरली नाही. चला, सगळ्या!”

सगळ्या जणींनी ते खणखणीत आवाजात तीनदा म्हटलं. शेजारचा पंक्चरवाला डोकावून गेला. राजेश्वरी अजून उभीच होती, टीचरकडे बघत.

“बस आता, झालं तुझं,” टीचर म्हणाली. “नेक्स्ट.”

सोमवारी भर दुपारी, क्लास चालू असताना, राजेश्वरी अर्ध्या शटरखालून वाकून आत आली. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, टॉवेल लालभडक. इंटरव्ह्यूचा ड्रेस अंगावर तसाच. ती निघताना अंकुशने तिचा हात लोखंडी सेफ्टी दाराच्या फटीत धरला होता आणि दार लाथेने लोटलं होतं. एकदा नव्हे. टॉवेल सरकला तेव्हा बोटं भलत्याच बाजूला वळलेली दिसली.

“तुझ्या आयला, इंग्लिस शिकते!” अंकुश तिच्या मागोमाग आलाच होता. तो बाकांवरून सरळ तिच्यावर आला, केसांना धरून तिला खाली पाडलं आणि फरफटत शटरकडे न्यायला लागला. तिचा मोडका हात फरशीवर आपटत होता आणि ती गुरासारखी ओरडत होती. बायका भिंतीला चिकटल्या.

कोपऱ्यात शटर ओढायची लोखंडी सळई होती, टोकाला आकडा असलेली. सईदाने ती उचलली आणि अंकुशच्या गुडघ्यावर हाणली. तो कोसळला. मग खांद्यावर हाणली, मग पाठीवर, मग परत गुडघ्यावर. तो हात जोडत होता तरी ती थांबली नाही. त्या वेळी तिला समोर अंकुश दिसत होता की शारजाचं बंद दार, हे तिचं तिलाच ठाऊक. पाचव्यांदा सळई उचलली ती डोक्याचा नेम धरूनच. पुतळाने मागून तिच्या कमरेला मिठी घातली. “टीचर, मरंल तो! सोडा!” दोघी मिळून मागे पडल्या, आणि त्या दिवशी एक खून टळला.

संध्याकाळी सगळे पोलीस ठाण्यात. राजेश्वरीचा हात प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटं जुळतील, पण पेन धरता येईल का ते आत्ताच सांगता येणार नाही. अंकुश पायाला पट्टी बांधून बाकावर बसला होता आणि त्याला चांगलाच कंठ फुटला होता.

“वाऱ्यानं दार लागलं, सायेब. ॲक्सिडेंट. आन् ही येडी बाई विनाकारन माज्यावर तुटून पडली. केस हिच्यावर करा.”

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. “दार मुद्दाम लोटलं हे कोणी पाहिलंय?” त्याने विचारलं. “आधी कधी धमकी दिली होती? कोणाला माहीत होतं?”

मग पुतळा उठली, हात बाजूला ताठ धरून, वर्गात उभी राहते तशी. “माय हजबंड हॅज अ प्लॅन टू ब्रेक माय हॅन्ड,” ती म्हणाली. तिच्यामागे बाकीच्या उठल्या आणि ठाण्यात ते वाक्य एका सुरात घुमलं. अंकुशचं तोंड उतरलं.

“हे काय?” अंमलदार गडबडला.

“राजेश्वरीचं वाक्य हाय, सायेब. गुरुवारचं. आमी समद्यांनी तीनदा म्हटलेलं हाय.”

“म्हणजे हात मोडायच्या आधी?” त्याने घाईने पेन उचललं आणि लिहू लागला. अर्ध्यात त्याचा हात थांबला. त्याने एकेकीकडे पाहिलं. “आधीच माहीत होतं तुम्हाला? मग कोणीच काही केलं नाही?”

बायकांनी माना खाली घातल्या.

“टीचरना दोष नका देऊ,” राजेश्वरी घाईघाईने म्हणाली. दुखण्याने तिचा चेहरा पांढरा पडला होता. “मराठीत सांगायची लाज वाटली म्हणून मी तसं म्हटलं. वाटलं, टीचर विचारतील. पण त्यांना ऐकायला कमी येतं, साहेब. त्यांचा डावा कान गेलेला आहे.”

अंमलदाराने सईदाकडे पाहिलं. तेवढंच लिहिलं असतं तर ती दोषातून सुटली असती, पण टीचरनेच धमकी ऐकली नाही म्हणून अंकुशही सुटायला मोकळा झाला असता. तिने ओढणी मागे सारली आणि अंकुशच्या रक्ताचे शिंतोडे उडालेला हात टेबलावर ठेवला.

“ती माझ्या उजव्या बाजूला उभी होती,” सईदा म्हणाली. “शब्द न् शब्द ऐकू आला मला. असंच लिहा.”