नटासाठी सोडलेली जागा

पंचमहाभूतांचा विचार करताना आपल्या जुन्या शास्त्रकारांनी पृथ्वीला गंध दिला, जलाला रस, तेजाला रूप आणि वायूला स्पर्श. आकाशाच्या वाट्याला शब्द आला. पण त्याबरोबर त्याचे एक कार्यही सांगितले गेले, आणि ते मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. ते कार्य म्हणजे अवकाश देणे. इतर भूते वाहतात, जाळतात, भिजवतात, अंकुरवतात. आकाश नुसती जागा देते, आणि त्या जागेत बाकीचे सारे घडून येते. माणसांत हा गुण क्वचित आढळतो. चित्रकारांत तर त्याहूनही क्वचित, कारण हाती कुंचला असलेल्या माणसाला कोरी जागा दिसली की राहवत नाही. वडशाच्या फारूक पेंटरांच्या ठायी तो होता. तो त्यांनी साधनेने मिळवला की धंद्याच्या सवयीने, हे सांगणे कठीण आहे. त्यांना विचारले असते तर त्यांनी निःशंकपणे सवयीच्याच बाजूने कौल दिला असता.

धानाची कापणी आटोपली की चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीतल्या गावोगावी नाटके उभी राहतात, आणि ती उभी करणाऱ्या मंडळ्यांचे बिऱ्हाड वडशात असते. या मंडळ्यांसाठी फारूक पेंटर पडदे रंगवीत. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, दिवाणखान्याचा पडदा. परंतु त्यांची ख्याती होती ती जंगलाच्या पडद्याची. भुकटीचे रंग सरसात कालवून, अंगणभर पसरलेल्या कापडावर अनवाणी फिरत ते मोह, साग, ऐन आणि बांबू असे काही उभे करीत, की रंगमंचावर तो पडदा सुटला म्हणजे पुढच्या रांगेतल्या बायका अंगाभोवती पदर लपेटून घेत.

या जंगलाचा मध्यभाग मात्र नेहमी मोकळा असे. दोन्ही कडांनी झाडे दाटत येत, वरून फांद्या ओणवत, खाली पाचोळा साचे, आणि मध्ये फिकट प्रकाशाचा एक पट्टा तेवढा राही. त्याची कथा अशी. अगदी तरुणपणी, पहिल्याच पडद्यावर, फारूकांनी हौसेने मधोमध एक बारशिंगा काढला होता. प्रेमप्रवेशात नायक नेमका त्याच्यापुढे येऊन उभा राहिला आणि प्रेक्षकांना नायकाच्या डोक्यातून शिंगे फुटलेली दिसली. पुढचा प्रवेश कोणी ऐकलाच नाही. सारा मांडव हसून लोळत होता. त्या दिवसापासून फारूकांनी मधली जागा नटाची मानली आणि तिला कधी रंगाचा थेंब लागू दिला नाही.

या प्रसंगाचे साक्षीदार म्हणजे लटारू. त्यांची थोडी धानाची शेती गावालगतच. हिवाळ्यात ते मंडळीबरोबर पडदे ओढणारे म्हणून जात. तीस-पस्तीस हिवाळे त्यांनी पडद्याची दोरी सांभाळली, आणि तेवढाच काळ ते फारूकांना चिडवीत आले. फारूकांच्या अंगणात शिरताना त्यांचा ठरलेला प्रश्न असे, "काय पेंटर, आज कोनाले शिंगं देऊन राह्यले?"

"तुलेच देतो, ये. डोक्शात दुसरं त काई नाई तुह्या," असे उत्तरही ठरलेलेच होते.

पडद्याचे आयुष्य अल्प असते. दोन-तीन हिवाळ्यांत रंग उडतो, मग त्याच कापडावर पांढरी माती घुटून नवे चित्र काढले जाते. फारूकांचे प्रत्येक जंगल असे त्यांच्याच दुसऱ्या एखाद्या जंगलाखाली गाडले गेले. पुढे छापील फ्लेक्सचे पडदे आले आणि नवी जंगलेही थांबली. त्याच सुमारास त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. आयुष्यभर काढलेल्या चित्रांपैकी एकही आज दाखविता येणार नाही आणि उद्या नवे काढता येणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. पण अंगणात पडदा पसरायची जागा ते रोज सकाळी झाडून ठेवीत.

त्यांची मुलगी फरहा चंद्रपूरला महाविद्यालयात शिकत होती. आजच्या मुलांच्या अंगावर चित्रांचे टी-शर्ट असतात, तसे तिच्याही अंगावर असत. असे शर्ट काढणारी एक कंपनी दर हंगामात कलावंतांकडून चित्रे मागवते. लोक मते देतात, परीक्षक निवडतात, आणि निवडलेल्या चित्रांचे नवे शर्ट बाजारात येतात, हे तिनेच घरी सांगितले.

"टी-शर्टावर जंगल?" फारूक म्हणाले. "अवं, मले वीस फुटाची सवय हाये. येवढ्याशा कापडावर मोहाचं एक पान मावनार नाई माह्यं."

"मावते, अब्बा. आन् कॉलरच्या आत चित्र काढनाऱ्याचं नाव छापतेत."

"नाव?"

"हाव. तुमचं."

पडद्यावर नाव असते ते मंडळीचे, वरच्या झालरीवर, ठसठशीत अक्षरांत. पेंटराचे नाव कुठेच नसते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडलेल्या अंगणात फारूकांनी एक पाट मांडला.

सकाळच्या पहिल्या प्रहरी त्यांचा हात काहीसा शांत असे. उजव्या मनगटाला डाव्या हाताने आधार देऊन ते काढीत. स्पर्धेत मोजकेच रंग चालत. त्यांनी काळपट हिरवा, खोडांचा तपकिरी आणि मोहफुलाचा फिकट पिवळा असे तीन घेतले. शर्टाच्या दोन्ही बगलांतून बांबू वर चढला, खांद्यांवरून मोहाच्या फांद्या ओणवल्या, खालच्या काठावर गळालेल्या फुलांचा सडा पडला. आणि छातीची जागा कोरीच राहिली. मुद्दाम नव्हे, तिथे काही काढायचे असते हे त्यांच्या मनातच आले नाही.

फरहाने चित्र पाठविले. पहिल्या फेरीत ते टिकले, पण लोकांनी खाली लिहिलेले शेरे वाचून ती हिरमुसली. एकाने विचारले होते, शाई संपली का? दुसऱ्याने लिहिले होते, चौकट सुरेख आहे, चित्र केव्हा येणार? मग स्पर्धेच्या कार्यालयातून एका बाईंचा फोन आला. त्या अतिशय सौजन्याने बोलल्या. झाडे परीक्षकांना मनापासून आवडली होती. अंतिम फेरीसाठी छापलेला शर्ट कोणाच्या तरी अंगावर घालून त्याचे छायाचित्र पाठवायचे होते. "तुमच्याकडचं जंगल म्हटलं की लोक वाघाची वाट पाहतात," त्या म्हणाल्या. "मध्ये वाघ आला तर निवड जवळजवळ नक्की समजा. आग्रह नाही, सुचवते आहे."

त्यांचे काही चुकले नव्हते. फरहालाही ते पटले. तिच्या दृष्टीने प्रश्न सरळ होता: हा हात आणखी एक चित्र काढील याचा भरवसा नाही, हेच परत आले तर अब्बांचे नाव कुठेच उरणार नाही.

"काढून देतो वाघ," फारूक म्हणाले. "पोट्टीचं मन काऊन मोडू?"

तो वाघ काढायला त्यांना चित्राच्या साऱ्या जंगलाहून अधिक सकाळी लागल्या. आणि तो अपूर्व उतरला. झाडीतून नुकताच बाहेर आलेला, एक पाऊल उचललेला, पाहणाऱ्याकडे पाहणारा. ज्याने तो पाहिला त्याने श्वास रोखला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गावातल्या क्रिकेट संघांचे शर्ट छापणाऱ्या शहबाजकडे दोन शर्ट छापले गेले. आधी दोन्हींवर जंगल. मग एकावर वाघ.

छायाचित्रासाठी अंगावर शर्ट घालायला कोण? लटारू नेमके त्याच वेळी अंगणात शिरले.

"उभे राहा, लटारूकाका," फरहा म्हणाली. "फोटो काढाचा हाये."

"माह्या? चंद्रपूरचे सारे पोट्टे मेले का?"

वाघाचा शर्ट घालून ते भिंतीपुढे उभे राहिले. "काय पेंटर, हिरोले शिंगं देल्ले, आन् मले खायले वाघ सोडला का?" फरहा हसली, तिने छायाचित्रे काढली आणि वडिलांना दाखविली. वाघ उत्तम आला होता. सारी नजर तो एकटाच घेत होता. वरचा चेहरा कोणाचा आहे हे पाहण्याची गरज कोणालाच वाटली नसती.

"आता तो बी घाला ना, काका. दोन्ही ठेवू."

लटारूंनी दुसरा शर्ट घातला. आरसा म्हणून फरहाने फोनचा पडदा त्यांच्याकडे वळविला. त्यांनी पाहिले. दोरीपाशी उभा राहणारा माणूस सुटलेला पडदा जन्मभर मागून पाहतो. मागून दिसतात ती फक्त ठिगळे आणि झिरपलेले डाग. झाडीच्या मधोमध, प्रकाशाच्या पट्ट्यात, मोहाच्या फांद्यांखाली या वेळी ते स्वतः उभे होते.

मग जे घडले ते तिथे असलेल्यांपैकी कोणाला नीट सांगता येत नाही. लटारूंची मान हळूहळू ताठ झाली. एक हात छातीवरच्या कोऱ्या जागेवर आला. आणि वनवासाला निघालेल्या एका राजाचे भाषण, जे त्यांनी विंगेतून असंख्य वेळा ऐकले होते आणि ज्यातला एक शब्दही कधी कोणी त्यांना बोलू दिला नव्हता, ते त्यांच्या तोंडून अस्खलित बाहेर पडू लागले. आवाज चिरका होता. अंगावर टी-शर्ट, खाली गुडघ्यापर्यंत धोतर. तरी तो राजा होता, यात अंगणात उभ्या असलेल्या कोणालाही शंका नव्हती. आपल्या नाट्यशास्त्राने विस्मयाला अद्भुताचा स्थायी भाव मानले आहे. तो कसा असतो हे त्या सकाळी फरहाच्या चेहऱ्यावर पाहता आले असते. तिचा फोन खाली आला होता. छायाचित्र काढायचे ती विसरली होती.

भाषण संपल्यावर लटारू ओशाळले. "कायचं काई बोललो बाप्पा," असे म्हणून शर्टाचे टोक ओढू लागले.

"अब्बा," फरहा म्हणाली, "वाघ नोको."

फारूकांनी तिच्याकडे पाहिले. "पाह्य बाई, वाघ असला त नक्की निवडतीन. मंग मले म्हनू नोको."

"माहीत हाये. तरी नोको."

"नाव बी जाईन."

"जाऊ द्या."

"मंग याचाच फोटो काढून धाड," फारूक म्हणाले. त्यांचा स्वर अगदी साधा होता; परंतु लटारू सांगतात, त्या दिवशी पेंटराने त्यांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजला, आणि तसे त्यापूर्वी कधी घडले नव्हते.

पहिला क्रमांक दूरच्या कोणा कलावंताच्या वाघाला मिळाला, आणि तो वाघही देखणा होता. मते फारूकांच्या चित्राला थोडीच पडली. निवडीची यादी आली तेव्हा मात्र नव्या शर्टांत त्यांचेही जंगल होते. परीक्षकांना काय वाटले असेल ते त्यांचे त्यांना माहीत. शर्ट टपालाने घरी आला. फारूकांनी आधी झाडांकडे पाहिलेच नाही. त्यांनी कॉलर उलटी केली, तिथे "फारूक, वडसा" असे छापले होते, त्यावरून एकदा अंगठा फिरविला, आणि मग शर्ट खुंटीला अडकवून ठेवला.

नवे शर्ट विकत घेणारे लोक ते घालून काढलेली छायाचित्रे कंपनीच्या पानावर टाकतात. फरहा घरी आली की ती वडिलांना दाखवी. कोणी छातीशी पुस्तक धरलेले, कोणी मांजर. एका मुलीने दोन्ही हातांत चहाचा पेला धरला होता, तो मोहाच्या झाडीत पेटलेल्या शेकोटीसारखा दिसत होता. फारूक प्रत्येक छायाचित्र बराच वेळ पाहत.

मग एक दिवस ते छायाचित्र आले. कुठल्याशा दूरच्या शहरातला एक तरुण बाप. अंगात फारूकांचे जंगल. आणि छातीशी धरलेले नुकतेच जन्मलेले मूल. मूल झोपलेले होते. बरोबर त्या मधल्या जागेत. दोन्ही बाजूंनी बांबू, वरून ओणवलेल्या फांद्या, पायाशी मोहफुले, आणि मध्ये ती मिटलेली मूठ.

फारूकांनी फोन दोन्ही हातांत घेतला. चित्र थरथरू लागले.

"हालवू नोको नं," ते फरहाला म्हणाले. फोन त्यांच्याच हातात होता. तिने खालून आपला हात लावला, तेव्हा चित्र स्थिर झाले.

"नट आला," ते म्हणाले. मग, "येवढा लहान नट मले कोन्याच नाटकात नाई भेटला."

नाटकांचा पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी फारूक पेंटर गेले. त्या वर्षी वडशाच्या मंडळ्यांनी पहिल्या प्रयोगाआधी मोकळ्या रंगमंचापुढे क्षणभर उभे राहून त्यांचे स्मरण केले, आणि मग फ्लेक्सचा पडदा सोडून नाटक सुरू केले. वाघाचा एकुलता एक शर्ट लटारूंनी मागून घेतला. ते तो शेतावर घालतात, आणि त्याचा रंग आता उडत चालला आहे. फारूकांनी रंगविलेला एकही पडदा आज अस्तित्वात नाही. जंगलाचा शर्ट अजून छापला जातो. कॉलरच्या आत त्यांचे नाव असते, आणि मधले कापड कोरे असते.