कळपापुढचा आवाज

आमच्या गवताळ मुलखात गाय नुसत्या हाताला पान्हवत नाही. तिचं नाव गाऊन हाक मारावी लागते, तेव्हा कुठे ती दूध सोडते. मी जिच्याकडे गुरं राखायला होते, ती दोमितिलामावशी पहाटे कुंपणाशी गायची, "गार्सा, ये गं, पांढरे ये." तिच्या गोठ्यातल्या पांढऱ्या गायीचं नाव पिढ्यान् पिढ्या गार्साच.

तिचा नवरा एलादियो कळपापुढे गाणारा. पावसाळ्यात माळ बुडाला की गुरं उंचावर न्यायची. पुढचा घोडेस्वार गातो आणि गुरं त्याच्या आवाजामागे जातात. एका पावसाळ्यात तो कळप घेऊन नदीपार गेला. बाकीचे परतले, तो नाही. कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे दुसरीकडे संसार थाटला. देवमातेपुढे मावशी रोज प्रार्थना करायची, पण त्याच्या नावाने मेणबत्ती कधी लावली नाही. "जित्या माणसाला मेल्याची मेणबत्ती? देवाला आवडेल का ते?"

यंदाच्या उन्हाळ्यात लेक योलीमा तिला शहरात न्यायला आली.

"आई, सुसरींच्या शेजारात किती दिवस राहणार?"

"सुसरी बऱ्या. रोज दिसतात तरी. तू वर्षातून एकदा."

"चल ना गं."

"आणि तुझे बाबा आले, दाराला कुलूप दिसलं तर?"

डबकी आटली होती. उरल्यासुरल्या चिखलात सुसरी एकमेकींवर पडल्या होत्या, काठावर लाल पाणपक्षी उभे. मावशीची नजर मात्र धुळीच्या वाटेवर.

एका सकाळी परका कळप आला. पुढून गाणं ऐकू आलं, "गार्सा, ये गं, पांढरे ये..." मावशीच्या हातातली चरवी सुटली. ती अनवाणी धावली.

घोड्यावर वेगळाच माणूस होता.

"हे गाणं कुणाचं, दादा?"

"आमच्या एलादियोबाबांचं. त्यांनीच शिकवलं."

"आहेत?"

त्याने टोपी काढली. "गेल्या पावसात तापाने गेले. मागे बायको आहे, दोन पोरं आहेत."

योलीमा भडकली. "ऐकलंस, आई? आणि तू वाट बघत बसलीस!"

"ऐकलं." मावशीने कमरेच्या फडक्याने तोंड पुसलं. "त्या बाईच्या घरी गायी आहेत का हो?"

"नाही. पण कळपापुढे बाबांनी दुसरं गाणं कधी म्हटलंच नाही."

मावशीने त्याला कॉफी दिली, मक्याची भाकरी दिली. मग देवमातेपुढे मेणबत्ती लावली, एलादियोच्या नावाची.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "पोरी, सूर शिकून घे. मी योलीमाकडे जाते. आता कुलूप कुणाला दिसायचंय?"

मी गाऊ लागले तर गार्सा ढिम्म. "अगं, हाक मार, रडतेस काय?" म्हणत मावशीने मागून सूर धरला, तेव्हा धार लागली.

आता मी एकटीच गाते. गार्सा पान्हवते, पण आधी एकदा मान वळवून वाटेकडे बघते.